काय ऐकता, आणि का?

आमच्या बिल्डिंगीत जात कुणी विचारत नाही. कात्रपमधली सुशिक्षित वस्ती आहे, असले मागासलेले प्रश्न इथे कुणाच्या तोंडी येत नाहीत. आधी आडनाव विचारतात. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यामुळे त्यातून काही थांगपत्ता लागत नाही. मग गाव विचारतात. गाव सांगितलं की 'हो का, आमच्या मेहुण्यांची जमीन होती तिकडे' एवढंच निघतं. मग चहाचा कप पुढे करत हळूच विचारतात, "बाकी, काय ऐकता तुम्ही?"

हा प्रश्न मात्र नेमका बसतो. दारावरच्या पाटीवर माणूस काहीही लिहील, पण गाण्याचं नाव घेताना जरा अडखळला की विचारणाऱ्याला हवं ते कळतं. मी नव्याने राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला विचारलं गेलं. मी अडखळले नाही. "सगळंच," म्हटलं. सगळंच ऐकणाऱ्या बाईबद्दल त्यांचं मत काही फार चांगलं झालं नसणार, पण चहा प्यायला मिळाला.

विचारणारे काका आमच्या सोसायटीच्या श्रवण मंडळाचे संस्थापक. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे तरी सांभाळतात किंवा संस्कृती तरी. काकांनी संस्कृती घेतली. दर शनिवारी संध्याकाळी खाली सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडायच्या, एकेकाने एकेक गाणं लावायचं आणि आपण ते का ऐकतो ते सांगायचं. 'का' सांगितलंच पाहिजे असा नियम. कारण साधारण एकच असे: मन शांत होतं. ज्या माणसाने आदल्याच दिवशी पार्किंगवरून वॉचमनची आई-बहीण काढली, तोही शनिवारी डोळे मिटून सांगे की मन शांत होतं.

शिवाय रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हजेरी लागे. 'आज पहाटे तोडी.' 'आज बासरी, सोबत ग्रीन टी.' मध्येच सेक्रेटरी, 'टँकर साडेआठला येईल, सर्वांनी भरून घेणे.' त्याखाली पुन्हा कुणाचा तरी ललत. तोडीला जेवढे अंगठे पडत तेवढेच टँकरला पडत, आणि मला खात्री आहे की टँकरचे अंगठे जास्त मनापासूनचे होते.

गंमत अशी की आमच्या बिल्डिंगीला मधोमध एक डक्ट आहे. सगळ्यांची न्हाणीघरं त्यात उघडतात. पहाटे तोडी ऐकणारे काका अंघोळ करताना काय ऐकतात हे आमच्या संपूर्ण विंगला पाठ आहे. जुन्या हिंदी सिनेमात खलनायकाच्या अड्ड्यावर, दारूचे ग्लास भरलेले असताना बाई जे नाचत म्हणते, ते. काका त्यातल्या बाईच्या ओळीही स्वतःच म्हणतात, आणि बऱ्या म्हणतात. बासरीवाल्या मॅडमच्या बाथरूममधून तर पंजाबी ढोल येतो. माझी काहीच तक्रार नाही. अंगावर पाणी घेताना माणूस खरं तेच ऐकतो.

मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. दिवसभर नमुने तपासायचे, हा पास, हा नापास. लग्न केलं नाही, ते का याचं उत्तर मी अजून कुणाला दिलेलं नाही आणि इथेही देणार नाही. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, हप्ताही माझ्या एकटीचा. तरी माझं निभलं असतं. शनिवारी मी मागच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात असे, मन शांत होई. पण माझ्याकडे आई राहायला आली.

आई उल्हासनगरची, कॅम्प तीनमधली. म्हणजे गाव देशावरचं, पण सारा जन्म त्या गल्लीत गेला. खाली जीन्सचा कारखाना, वर आमची खोली, शेजारी सिंधी कुटुंब. त्या गल्लीत कुणी कुणाला विचारत नसे, काय ऐकता. ऐकूच येत असे. शेजारची काकी सकाळी भजनं लावायची, खालचे कारागीर मशिनच्या आवाजावर मात करतील अशी हिंदी गाणी लावायचे, आणि त्या दोघांच्या वरताण आमच्या घरात आमची गाणी. का ऐकता, असंही कुणी विचारत नसे. मशिनचा आवाज ऐकण्यापेक्षा गाणं बरं, इतकं कारण पुरेसं होतं.

आमची गाणी म्हणजे जयंतीची गाणी. बाहेरच्यांनी त्यांना ठेवलेलं नाव 'तसली गाणी'. माझे वडील दिवसा कारखान्यात कामाला आणि संध्याकाळी गायन पार्टीत. त्यांचा आवाज उंच, हार्मोनियम स्वतःची, ढोलकीवाला खालच्या गल्लीतला. आई कोरसमध्ये. घरी बसून जीन्सचे धागे कापायची आणि कार्यक्रम असला की पांढरी साडी नेसून दुसऱ्या रांगेत उभी राहायची. आमच्या कार्यक्रमाची एक रीत होती. गाणं आवडलं की ऐकणाऱ्याने उठायचं, स्टेजपाशी जायचं आणि गाणाऱ्याला नोट द्यायची. गाणाऱ्याने तिथेच गाणं थांबवायचं, अमुक गल्लीतल्या अमुक भाऊंकडून दहा रुपये, असं नाव पुकारायचं आणि गाणं होतं तिथून पुन्हा उचलायचं. नोट लहान असली तरी चाले, पण नाव पुकारलं गेलंच पाहिजे. वडील एकदा कुणाचं तरी नाव विसरले तर तो माणूस पुढच्या वर्षापर्यंत बोलत नव्हता. कधी दोन पार्ट्या समोरासमोर असत, मग पहाटेपर्यंत गाण्यातून सवाल-जबाब चालत.

वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहत होती. मग एके दिवशी ती मोरीत चक्कर येऊन पडली. गाणं लावलेलं होतं, ते संपलं आणि नवीन लागेना, म्हणून शेजारच्या काकीने दार ढकललं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं आणि कुणी नसलं तर काही खरं नाही. मी त्या दिवशी इतकी घाबरले की रिक्षात बसून रडले. शेअर रिक्षा होती, सोबत तीन माणसं. त्यातल्या एका बाईने काही न विचारता माझा हात धरून ठेवला.

तेव्हा आईला कात्रपला आणलं. ती आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय गं, इथं कोण राहतं का नाय? सगळी दारं बंद. माणूस मेला तर लिफ्टलाच आधी कळंल." दोन-तीन दिवसांनी तिने सकाळी आपल्या मोबाइलवर गाणं लावलं. लगेच इंटरकॉम वाजला. सेक्रेटरी अत्यंत गोड आवाजात म्हणाले, ताई, आवाज जरा. डक्टमधून खलनायकाच्या अड्ड्यावरची बाई त्याच वेळी जोरात नाचत होती. मी तेही ऐकवलं असतं, पण आईने गाणं बंद केलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

"दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणाली. "बोलायला माणूस नाय, लावायला गाणं नाय. अशा ठिकाणी मी जगायची नाय. मंग मला माझ्या खोलीवर सोड."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला त्या खोलीवर एकटीला सोडायचं म्हणजे काय, हे मोरीतल्या त्या फरशीने मला एकदा दाखवलं होतं. दिवाळी काही लांब नव्हती. तिला इथे माणसं मिळवून द्यायची तर आमच्या बिल्डिंगीत माणसं जमतात अशी एकच जागा होती. म्हणून मी नाइलाजाने तिला शनिवारी खाली घेऊन गेले.

काकांनी मोठ्या अगत्याने स्वागत केलं. "या आजी, या. बसा पुढे."

काका बहात्तरचे, आई अडुसष्टची. आई बसता बसता म्हणाली, "मी आजी, तर तुम्ही कोण, पणजोबा?"

सगळे हसले. काकाही हसले, पण एका बाजूने. मग त्यांनी विलंबित ख्याल लावला. पांढरा कुर्ता, मिटलेले डोळे, मान अशी डोलतेय की सगळा आलाप त्यांच्याच गळ्यातून निघतोय. खोलीत एकदम शांतता. कुणी खोकलं तर शेजारचा त्याच्याकडे बघे. आई मन लावून ऐकत होती. तिला तो राग माहीत नव्हता, पण तिची जन्मभराची सोबत गाणाऱ्या माणसाशी होती, चांगला सूर तिला कळतो. एका जागेवर तिने 'वा' म्हटलं, तेही मोठ्याने. आणि मग, मी हात धरायच्या आत, ती उठली, पदराच्या गाठीतून दहाची नोट सोडवली आणि थेट काकांसमोर जाऊन उभी राहिली.

काकांनी एक डोळा उघडला. नोट बघितली. "आजी, चहाची वर्गणी नंतर," ते कुजबुजले.

"चहाची नाय, गाण्याची. घ्या. आणि नाव पुकारा."

"अहो, हे रेकॉर्डिंग आहे."

"ते मला कळतंय. पण मान तुम्ही हलवत होता ना? मंग घ्या तुम्हीच."

बासरीवाल्या मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. काका ताठ बसून म्हणाले, "आजी, या संगीताला असे पैसे देत नसतात."

"का? गवई जेवत नाय का?" आईने खरंच विचारलं. टोमणा तिच्या मनातही नव्हता. गाणं आवडलं आणि नुसतं बसून राहायचं, याला आमच्याकडे कंजुषी म्हणतात. तिने नोट स्पीकरखाली ठेवली आणि जागेवर येऊन बसली. ती नोट शेवटपर्यंत कुणी उचलली नाही. मग सेक्रेटरींनी ती टँकरच्या डब्यात टाकली आणि आमच्या बिल्डिंगीचा अभिजात संगीताशी असलेला आर्थिक व्यवहार पूर्ण झाला.

घरी येताना लिफ्टमध्ये आईचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी. "माणूस घमंडी हाय," ती म्हणाली, "पण गाणं चांगलं आणलं होतं. आता पुढच्या शनिवारी माझी बारी." मला बरं वाटलं, आणि ती काय लावणार याची धास्तीही वाटली.

पुढच्या शनिवारी ती पांढरी साडी नेसून तयार. तिच्या मोबाइलमध्ये वडिलांच्या पार्टीचं एक जुनं गाणं होतं, कॅम्प तीनमधल्या एका दुकानदाराने कॅसेटवरून उतरवून दिलेलं. एक मजूर माणूस त्यात सांगतो की माझ्या पोराच्या हातात पाटी कुणी दिली, आणि ज्यांनी दिली त्यांचं नाव पुढे कोरस घेतो. त्या कोरसमध्ये आईचा आवाज ओळखू येतो, कारण ती अर्धी मात्रा आधीच सुरू होते. वडील यावरून तिला कायम रागवत. स्पीकरमधून वडिलांचा आवाज आला तेव्हा मला एकदम भरून आलं. मी बिस्किटाच्या बशीकडे बघत राहिले.

पहिल्या कडव्यानंतर पायाने ताल धरणारे दोघे-तिघे होते. दुसऱ्या कडव्यात कोरसने नाव घेतलं आणि पाय थांबले. सेक्रेटरी उठले, आवाज निम्म्यावर आणला. "वर मुलांची परीक्षा आहे," म्हणाले. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, अगदी मोजून-मापून.

"ठेका फार जिवंत आहे," काका म्हणाले. "तुमच्या समाजात आवाज मुळातच खडे असतात हो. लोकसंगीताचा खरा बाज आहे हा."

"एनर्जी छान होती," मॅडम म्हणाल्या.

"नाय आवडलं तर तसं सांगा की," आई म्हणाली.

"नाही नाही, आवडलं ना!" सगळे एकदम म्हणाले आणि चहा आला. का ऐकता, हे आईला कुणीही विचारलं नाही. इतक्या शनिवारांत त्यांचा नियम पहिल्यांदाच मोडला, आणि मोडल्याचं एकालाही जाणवलं नाही. आईला जाणवलं. ती चहा न घेता वर आली.

रविवारी ग्रुपवर काकांचा वृत्तान्त पडला. त्यात इतरांच्या गाण्यांची नावं होती, राग होता, गायक होते. शेवटी एक ओळ: 'आजींनी एक पारंपरिक लोकगीत ऐकवले.' मी ती आईला वाचून दाखवली.

"पारंपरिक?" आई म्हणाली. "तुझ्या बापानं खोलीत बसून जुळवलं ते. मी भाजी निवडत होते. परंपरेचा बाप कोण मंग?" थोड्या वेळाने म्हणाली, "लिही तू. कुणी बांधलं, कुणी गायलं, कुणावर हाय. नाव घालून लिही."

मला त्या माणसांचा आधीच संताप आला होता, त्यामुळे हात थांबला नाही. मी लिहिलं. गाणं माझ्या वडिलांचं, कोरसात माझी आई, आणि ते ज्यांच्यावर आहे त्यांचं पूर्ण नाव, सगळ्या पदव्यांसकट. पदव्या इतक्या आहेत की आमच्या ग्रुपवर 'पुढे वाचा' दाबावं लागलं.

मग काकांचं उत्तर आलं. 'सर्वांना नम्र विनंती, ग्रुपवर जातीय विषय आणू नयेत. संगीताला जात नसते.' खाली हात जोडलेले. त्याखाली अंगठे पडायला लागले, एकामागून एक, टँकरला पडतात तसे. मग सेक्रेटरी: 'उद्या टँकर उशिरा.'

मी फोन पालथा ठेवला. आईला दाखवायचा नाही असं ठरवलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि हे वाचून ती उद्याच निघेल, मोरीतली ती फरशी, शेजारची काकी आता मुलाकडे राहायला गेलेली, दार ढकलायलाही कुणी नाही. हे सगळं माझ्या डोक्यात घोंघावत होतं. पण तिच्याही मोबाइलवर ग्रुप होता, मीच घातलं होतं तिला त्यात. माणसं मिळावीत म्हणून. ती चष्मा लावून, ओठ हलवत, एकेक अक्षर वाचत बसली. मी स्वयंपाकघरात उभी राहून तिच्याकडे बघत होते. वाचून झालं. तिने पुन्हा वाचलं.

"आई, सोड ना," मी म्हटलं. "घाणेरडी माणसं आहेत. तुला नाही राहायचं तर नको राहू. मी तिकडे येऊन राहीन तुझ्याबरोबर."

"तू कशाला येशील?" तिने चष्मा काढला. "समोरच्या पार्टीनं सवाल टाकलाय. आता स्टेज सोडून गेलं तर तुझा बाप वरून शिव्या घालंल. सवाल आला की जबाब द्यायचा, आणि मंग आपला सवाल टाकायचा. त्याचा जबाब येईपर्यंत जागेवरनं हलायचं नाय."

शनिवारी ती माझ्या आधी खाली गेली आणि पहिल्या रांगेत बसली. काका ख्याल लावायला मोबाइल काढत होते तोवर ती उभी राहिली.

"मागल्या शनिवारी माझं कारण सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तुमचा नियम हाय ना, का ऐकता ते सांगायचं?"

"आजी, आपण तो विषय..." काका म्हणाले.

"बसा भाऊ. गाणं कोण मध्ये थांबवत नाय, फक्त नोट द्यायला थांबवतात. नोट हाय का तुमच्याकडं?"

काका बसले. आई नेहमीच्या आवाजात बोलत होती, पण कोरसात जन्म गेलेल्या बाईचा नेहमीचा आवाज जिन्यापर्यंत जातो. वॉचमन दारात येऊन उभा राहिला.

"माझ्या गाण्यात ज्यांचं नाव हाय, त्यांच्यामुळं माझ्या हातातले धागे सुटले आणि माझ्या लेकीच्या हातात पुस्तक आलं. ती लॅबमध्ये बसती. तुमच्या ह्या बिल्डिंगीत तिनं स्वतःच्या पगारावर घर घेतलं. कुणाचा बाप नाय आला सही करायला. म्हणून मी ते ऐकते. मन शांत व्हायला नाय ऐकत." मग ती सगळ्यांकडे एकेक करून वळली. काका, मॅडम, सेक्रेटरी. "आता माझा सवाल. तुमच्या गाण्यामुळं कोण कुठं राहायला आलं, ते सांगा."

सेक्रेटरींनी स्पीकरच्या आवाजाकडे सवयीने हात नेला, पण स्पीकर बंदच होता. आई खुर्चीत बसली, पदर सावरला आणि वाट बघू लागली.

तेव्हापासून ती दर शनिवारी खाली जाते आणि पहिल्याच रांगेत बसते. दिवाळी होऊन गेली, संक्रांत झाली. कुणी ख्याल लावतं, कुणी बासरी. ती शेवटपर्यंत ऐकते, आवडलं तर वा म्हणते आणि संपल्यावर त्या माणसाकडे बघते. जबाब अजून आलेला नाही, म्हणून ती अजून इथंच आहे.